ऑस्ट्रेलियात आयटी डिप्लोमा: बडोद्याच्या मराठी विद्यार्थ्यांचे आणि पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीचा निकाल लागला की दांडिया बाजार, रावपुरा, कारेलीबाग, मांजलपूर इथल्या मराठी घरांतून साधारण हेच प्रश्न येतात. अल्कापुरी आणि फतेहगंजच्या एजंटांच्या पाट्यांवर "व्हिसा" मोठ्या अक्षरांत असतो, कोर्सचं नाव बारीक अक्षरांत. इथे कोर्सबद्दल जास्त लिहिलं आहे, कारण माझ्या मते निर्णय त्यावरच व्हायला हवा. नियम कधीपासून लागू झाला त्याची तारीख शक्य तिथे दिली आहे. हे नियम वरचेवर बदलतात, म्हणून अर्ज करायच्या दिवशी ऑस्ट्रेलियाच्या होम अफेअर्स खात्याच्या संकेतस्थळावर प्रत्येक आकडा पुन्हा पाहा.

हा डिप्लोमा नेमका काय असतो?

ऑस्ट्रेलियात शिक्षणाच्या दहा पायऱ्या ठरवल्या आहेत. डिप्लोमा पाचव्या पायरीवर येतो, अ‍ॅडव्हान्स्ड डिप्लोमा सहाव्या आणि बॅचलर डिग्री सातव्या. डिप्लोमा ऑफ इन्फर्मेशन टेक्नॉलॉजीचा राष्ट्रीय कोड आयसीटी 50220 असा आहे. त्यात एकूण 20 युनिट: 6 सक्तीची, 14 निवडीची. सक्तीच्या युनिटांत सायबर सुरक्षेची जाणीव, टीमचं नेतृत्व, संस्थेची तांत्रिक गरज ओळखणं, बौद्धिक संपदा आणि गोपनीयतेचे नियम अशा गोष्टी येतात. प्रोग्रामिंग, नेटवर्किंग, क्लाउड, वेब डेव्हलपमेंट, सायबर सिक्युरिटी हे सगळं निवडीच्या 14 मध्ये असतं.

म्हणजे दोन कॉलेजांच्या प्रमाणपत्रांवर एकच नाव छापलेलं असलं, तरी तिथून निघालेली दोन मुलं पूर्ण वेगळं शिकून आलेली असू शकतात. कॉलेजकडून निवडीच्या युनिटांची यादी लेखी मागा. ती न पाहता कोणी फी भरत असेल, तर त्याला तिथेच थांबवा.

डिप्लोमा म्हणजे डिग्रीपेक्षा खालचं. नातेवाईक काय म्हणतील?

हा प्रश्न बडोद्यात तरी पडू नये असं मला मनापासून वाटतं. सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये इथे कलाभवन सुरू केलं, ते हाताने करायच्या विद्या शास्त्रशुद्ध शिकवण्यासाठीच. त्रिभुवनदास गज्जरांसारखा रसायनशास्त्रज्ञ त्याच्या उभारणीत होता. दादासाहेब फाळके तिथे शिकले. आजची महाराजा सयाजीराव विद्यापीठाची टेक्नॉलॉजी अँड इंजिनिअरिंग फॅकल्टी त्याच संस्थेतून वाढली. सर्व्हर नीट उभा करणं, नेटवर्कमधला बिघाड शोधणं, लोकांना वापरता येईल असं सॉफ्टवेअर लिहिणं या आजच्या हाताच्या विद्याच आहेत.

तरीही एक गोष्ट आई-वडिलांनी आधीच मान्य करून टाकावी: हा डिप्लोमा बॅचलर डिग्रीच्या बरोबरीचा नाही, ऑस्ट्रेलियातही नाही आणि भारतातही नाही. जिथे पदवीधर असण्याची अट आहे, तिथल्या सरकारी परीक्षांना तो चालणार नाही. हे माहीत असूनही मुलाला तो करायचा असेल, तर निर्णय चांगला आहे.

आपल्या पॉलिटेक्निकच्या डिप्लोम्यासारखाच ना?

नाही. पॉलिटेक्निकला दहावीनंतर प्रवेश मिळतो आणि तीन वर्षं लागतात. तो करून डिग्री इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला थेट जाता येतं. ऑस्ट्रेलियन डिप्लोम्याला बहुतेक ठिकाणी बारावी किंवा त्याच्या बरोबरीचं शिक्षण मागतात. त्याची मुदत कॉलेजप्रमाणे एक ते दोन वर्षं असते. मुलाकडे पॉलिटेक्निकचा कॉम्प्युटर डिप्लोमा आधीच असेल, तर पुन्हा डिप्लोमा कशासाठी हा प्रश्न व्हिसा अधिकारी विचारतीलच. तो आधी घरात विचारावा.

शिकवतात कसं? परीक्षा असते का?

गुजरात बोर्डातून गेलेल्या मुलांना सगळ्यात मोठा धक्का इथे बसतो. टक्के नसतात, नंबर नसतो, बहुतेक ठिकाणी वार्षिक पेपरही नसतो. प्रत्येक युनिटचा निकाल दोनच शब्दांत येतो: कॉम्पिटंट किंवा नॉट येट कॉम्पिटंट. काम करून दाखवायचं, त्याची नोंद ठेवायची, तोंडी उत्तरं द्यायची, कधी ग्राहकाशी बोलण्याचा प्रसंग उभा करायचा. तुमचं नेटवर्क चाललं पाहिजे, आणि ते का चाललं हे समोरच्याला पटेल अशा इंग्रजीत सांगता आलं पाहिजे.

पाठ करून वर आलेला हुशार मुलगा पहिले काही महिने गोंधळतो. चाळीस-पंचेचाळीस टक्क्यांचा, पण घरातला बंद पडलेला कॉम्प्युटर उघडून बसणारा मुलगा तिथे फुलताना दिसतो. तुमचा मुलगा यातला कोणता, हे एजंटपेक्षा तुम्हाला जास्त कळतं.

दुसऱ्याचं काम उतरवणं तिथे फार गंभीरपणे घेतात. एकाच फ्लॅटमधल्या दोघांनी एकच असाइनमेंट दिली तर दोघांनाही बोलावलं जातं. परदेशी विद्यार्थ्यांना व्यावसायिक कोर्समध्ये आठवड्याला किमान 20 तासांचं ठरलेलं शिक्षण असतं आणि कोर्सचा एक तृतीयांशाहून जास्त भाग ऑनलाइन करता येत नाही. "वर्गात यायची गरज नाही, फक्त नाव चालू ठेवा" असं कोणी सांगितलं, तर ते कॉलेज शिकवण्यासाठी उघडलेलं नाही.

कॉलेज खरं आहे की नुसतं कागदावर, हे कसं ओळखायचं?

परदेशी विद्यार्थ्याला घ्यायचं तर कॉलेज आणि तो विशिष्ट कोर्स, दोन्ही क्रायकॉस या सरकारी नोंदवहीत असावे लागतात. ती ऑनलाइन सगळ्यांना खुली आहे. कोर्सचे आठवडे आणि अंदाजे फीही तिथे दिसते. एजंटने सांगितलेली मुदत आणि तिथली मुदत जुळते का, एवढं पाहायला पाच मिनिटं पुरतात. बहुतेक व्यावसायिक कॉलेजांवर आस्का ही राष्ट्रीय संस्था देखरेख करते, आणि तिने कोणावर कारवाई केली तेही तिच्या संकेतस्थळावर असतं. 2024 मध्ये ऑस्ट्रेलियन सरकारने शिकवणं थांबलेल्या दीडशेहून अधिक कॉलेजांना बंद केलं. म्हणून हा तपास करायलाच हवा.

राज्य सरकारांची कॉलेजं टेफ या नावाने चालतात. त्यांची फी काही खासगी कॉलेजांपेक्षा जास्त वाटते. पण लॅब, शिक्षक आणि टिकाऊपणा पाहता, परवडत असेल तर मी आधी टेफ बघायला सांगते. चांगली खासगी कॉलेजंही आहेत, फक्त ती शोधायला मेहनत जास्त पडते.

एजंट घ्यावा का?

घेतला तर चालेल, पण त्याचे पैसे कुठून येतात हे समजून घ्या. बहुतेक शैक्षणिक एजंटांना कॉलेज कमिशन देतं. म्हणूनच "आमची सेवा मोफत" असं म्हणणं त्यांना परवडतं. त्यात गैर काही नाही. मात्र ज्या कॉलेजशी करार नाही, त्याचं नाव त्यांच्या तोंडून येणार नाही. कॉलेज आपल्या अधिकृत एजंटांची यादी संकेतस्थळावर देतं, तिच्यात नाव आहे का पाहा.

व्हिसाचा अर्ज होम अफेअर्स खात्याच्या इम्मिअकाउंटवर ऑनलाइन भरतात. त्याचा पासवर्ड मुलाकडे असलाच पाहिजे. अर्जात कोणती कागदपत्रं जोडली, कोणती उत्तरं लिहिली, हे ज्याच्या नावाने अर्ज आहे त्याला माहीत नसणं ही सगळ्यात धोक्याची गोष्ट. खोटा कागद सापडला तर व्हिसा नाकारला जातो आणि तीन वर्षांपर्यंत पुढचे अर्ज अडतात. ओळखीबाबत खोटेपणा असेल तर दहा वर्षं. एजंटने केलं, मला ठाऊक नव्हतं, हे उत्तर सहसा वाचवत नाही.

एकूण पैसे किती लागतात?

फी कॉलेजप्रमाणे फार बदलते, ती क्रायकॉसवर पाहा. बाकीचे पक्के आकडे असे. व्हिसाची फी 1 जुलै 2025 पासून 2,000 ऑस्ट्रेलियन डॉलर. एका विद्यार्थ्याच्या वर्षभराच्या राहण्या-खाण्यासाठी 10 मे 2024 पासून 29,710 डॉलर दाखवावे लागतात. त्या दिवसाच्या भावाने गुणा, सोळा लाख रुपयांच्या वरच जाईल. त्याशिवाय पहिल्या वर्षाची फी आणि प्रवासखर्च. वर ओएसएचसी हा आरोग्य विमा, तोही राहण्याच्या पूर्ण मुदतीचा.

कोर्स 25 आठवड्यांपेक्षा मोठा असेल तर तो सुरू होण्याआधी कॉलेज निम्म्याहून जास्त ट्यूशन फी मागू शकत नाही. स्वतःहून जास्त भरायची असेल तर भरता येते, पण "सगळी आधी भरा नाहीतर सीट जाईल" असा दबाव आला तर हा नियम त्यांना ऐकवा.

बँकेतून पैसे पाठवताना एका आर्थिक वर्षात दहा लाखांच्या वर टीसीएस, म्हणजे बँकेने आधीच गोळा केलेला आयकर, लागू होऊ शकतो. त्याची वजावट आयकर विवरणपत्रात मिळते. पावती जपून ठेवा.

बँक कर्ज देईल का?

डिग्रीला जितक्या सहज मिळतं तितक्या सहज नाही. बँका आपली मान्य संस्थांची यादी आणि कोर्सचा प्रकार पाहतात. परदेशातला व्यावसायिक डिप्लोमा काही योजनांत बसतो, काहींत बसत नाही. साडेसात लाखांवरच्या शैक्षणिक कर्जाला बहुतेक सरकारी बँका तारण मागतात. बँक ऑफ बडोदा 1908 मध्ये याच शहरात सुरू झाली, शाखा पावला-पावलावर आहेत. मॅनेजरसमोर क्रायकॉसचा कोर्स कोड ठेवा आणि होय की नाही, हे ऑफर लेटर घेण्याआधी लेखी मागा.

आजोबांचं घर किंवा पादरा गावाकडची शेतजमीन गहाण ठेवून डिप्लोम्याला पाठवावं का, असंही विचारतात. माझं मत: एकुलतं राहतं घर ठेवू नये. मुलगा तिथे पहिल्याच महिन्यापासून हप्त्याच्या भीतीने कामाच्या मागे धावतो आणि वर्ग सुटतो.

पार्टटाइम कामातून खर्च निघतो ना?

हिशेबच करू. कोर्स चालू असताना पंधरवड्याला 48 तासांची मर्यादा आहे, 1 जुलै 2023 पासून. ठरलेल्या सुट्टीत ती नसते. कोर्स सुरू होण्याआधी काम करता येत नाही. राष्ट्रीय किमान वेतन 1 जुलै 2025 पासून तासाला 24.95 डॉलर. पूर्ण 48 तास मिळाले तर पंधरवड्याला सुमारे 1,198 डॉलर, कर कापायच्या आधी. कॅज्युअल कामाला साधारण 25 टक्के जास्त मिळतात, पण त्यात तासांची हमी नसते.

यात भाडं, किराणा आणि ट्राम-ट्रेनचा खर्च कसाबसा निघू शकतो. फी निघत नाही. "पहिलं सेमिस्टर भरा, पुढचं मुलगा कमावेल" या भरवशावर कोणाला पाठवू नका. पहिल्या दोन-तीन महिन्यांत काम मिळेलच असंही नाही.

रोखीने कमी पैसे देणारे मालक आपल्या लोकांतही भेटतात, मराठी-गुजराती बोलून जवळीक करतात. किमान वेतन परदेशी विद्यार्थ्यालाही तेवढंच लागू आहे. तक्रार फेअर वर्क ओम्बड्समन या सरकारी यंत्रणेकडे करता येते.

शाळा गुजराती किंवा मराठी माध्यमातली. इंग्रजी जमेल?

जमतं, पण वेळ द्या. 23 मार्च 2024 पासून विद्यार्थी व्हिसाला आयएल्ट्समध्ये एकूण 6.0 किंवा दुसऱ्या मान्य परीक्षेत त्याच्या बरोबरीचे गुण लागतात. कॉलेजची अट याहून जास्त असू शकते. क्लासमध्ये ठरावीक उत्तरं घोकून 6.0 आणता येतात, पण पुढे शिक्षकासमोर आपला कोड समजावताना त्यांचा उपयोग होत नाही. रोज एक तांत्रिक गोष्ट इंग्रजीत मोठ्याने समजावून सांगायची सवय लावा. ऐकायला आजी बसली तरी चालेल.

"जेन्युइन स्टुडंट"ची उत्तरं एजंटने लिहून दिली तर?

देऊ नका लिहायला. "जेन्युइन स्टुडंट" म्हणजे मुलगा खरंच शिकायला येतो आहे हे पटवून देण्याची व्हिसाची अट. 23 मार्च 2024 पासून जुन्या निवेदनाऐवजी अर्जातच ठरावीक प्रश्न असतात, प्रत्येकी जास्तीत जास्त 150 शब्द. घरची आणि कामाची स्थिती, हाच कोर्स आणि हेच कॉलेज का, त्याचा पुढे उपयोग काय. उत्तर इंग्रजीत द्यायचं असतं, पण विचार आधी मराठीत लिहून काढा. "मला मकरपुऱ्याच्या कारखान्यांचं नेटवर्क सांभाळायचं काम करायचं आहे, म्हणून सायबर सिक्युरिटीची ही युनिट असलेला कोर्स घेतला" अशा वाक्याला वजन असतं. "ऑस्ट्रेलियाचं शिक्षण जागतिक दर्जाचं आहे" हे हजारो अर्जांत असतं. मध्ये दोन वर्षं रिकामी गेली असतील तर त्या काळात काय केलं तेही सांगा आणि पुरावा जोडा.

मार्कशीटवर वडिलांचं नाव "रमेशभाई", आधारवर "रमेश", पासपोर्टवर "रमेश दत्तात्रय". अडेल का?

गुजरातमधल्या मराठी कुटुंबांची ही ठरलेली डोकेदुखी. शाळेत प्रवेश घेताना कारकुनाने "भाई" आणि "बेन" लावून टाकलेलं असतं, बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी येतं, आणि पासपोर्टवर भलतंच. सगळे कागद एका टेबलावर मांडा आणि प्रत्येकावरचं स्पेलिंग एका वहीत उतरवा. किरकोळ फरकासाठी दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र बहुतेकदा पुरतं. विद्यार्थ्याचं स्वतःचं नाव वेगळं असेल तर आधी दुरुस्ती करा, गरज पडली तर राजपत्रात नावबदल. त्याला वेळ लागतो, म्हणून ऑफर लेटरची वाट न पाहता लागा. गुजरातीत असलेल्या दाखल्यांचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं.

गुजरातच्या मुलांचे अर्ज मुद्दाम नाकारतात असं ऐकलं?

2023 मध्ये काही ऑस्ट्रेलियन विद्यापीठांनी काही भारतीय राज्यांतून येणाऱ्या अर्जांवर बंधनं आणली होती, त्यांत गुजरातचं नाव होतं. खोटे कागद आणि मध्येच कोर्स सोडणारे विद्यार्थी, ही कारणं होती. त्याचा भुर्दंड प्रामाणिक मुलांना बसतो याचं मला वाईट वाटतं. उपाय एकच: पैशांचा माग स्पष्ट ठेवा. महिन्याभरापूर्वी खात्यात अचानक आलेले पंधरा लाख समजावता आले पाहिजेत.

डिग्रीला प्रवेश घेऊन तिथे गेल्यावर स्वस्त डिप्लोम्यात बदललं तर?

हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो मुलाला अडचणीत आणतो. व्हिसाच्या अटीप्रमाणे ज्या पातळीच्या कोर्ससाठी व्हिसा मिळाला, त्याच किंवा वरच्या पातळीवर राहावं लागतं. सातव्या पायरीवरून पाचव्यावर उतरायचं तर नवा व्हिसा लागतो. मुख्य कोर्सचे पहिले सहा महिने पूर्ण होण्याआधी कॉलेज बदलायचं तर जुन्या कॉलेजची संमती हवी. डिप्लोमा आणि डिग्री एकत्र घेतली असेल तर मुख्य कोर्स म्हणजे डिग्री, त्यामुळे हे सहा महिने डिग्री सुरू झाल्यावर मोजतात.

डिप्लोमा झाल्यावर तिथे राहता येईल?

पालक हा प्रश्न हळू आवाजात विचारतात. उघड विचारावा, कारण अर्धवट माहितीचं नुकसान इथेच होतं. व्यावसायिक शिक्षणानंतरच्या 485 व्हिसावर 18 महिन्यांपर्यंत काम करता येतं. पण त्यासाठी ऑस्ट्रेलियात किमान 92 आठवड्यांचं नोंदणीकृत शिक्षण आणि 16 महिन्यांचं वास्तव्य हवं. कोर्सशी जुळणारा व्यवसाय ठरलेल्या यादीत हवा आणि त्या व्यवसायाचं कौशल्य मूल्यमापन करून घ्यावं लागतं. 1 जुलै 2024 पासून बहुतेकांसाठी वयाची मर्यादा 35 आहे.

52 आठवड्यांचा डिप्लोमा एकटा 92 आठवडे भरत नाही, हे तर साधं गणित. यादीची अट त्याहून अवघड आहे. डिप्लोम्यानंतर सहज मिळणारी हेल्पडेस्क किंवा सपोर्टची कामं आणि यादीतले वरच्या कौशल्याचे आयटी व्यवसाय यांत अंतर आहे. कायमचं वास्तव्य तर त्याहून लांब. कोणी "डिप्लोमा करा, पीआर नक्की" म्हणत असेल तर त्या दुकानातून उठून या.

पुढे डिग्री करता येते?

येते, आणि माझ्या दृष्टीने हा या डिप्लोम्याचा सगळ्यात चांगला उपयोग. अनेक विद्यापीठं डिप्लोम्याच्या काही विषयांची सूट देतात, काही ठिकाणी थेट दुसऱ्या वर्षात घेतात. कोणतं विद्यापीठ किती सूट देतं ते आधी लेखी घ्या.

परत बडोद्याला आलो तर नोकरी मिळेल?

कामाचे नमुने दाखवता आले तर मिळू शकते. इथे डिप्लोम्याचं नाव फारसं कोणाला माहीत नसतं, म्हणून गिटहबवरचा कोड, उभं केलेलं नेटवर्क, एखादं नेटवर्किंग किंवा क्लाउड कंपनीचं प्रमाणपत्र हेच बोलतं. पदवीची अट घालणाऱ्या मोठ्या कंपन्यांत मात्र दार बंद राहील.

मुलीला एकटीला पाठवावं का?

पाठवावं. तिला विचारा, तिचं ऐका. पहिले काही आठवडे कॉलेजचं होस्टेल किंवा होमस्टे घ्या, घर तिथे गेल्यावर प्रत्यक्ष पाहून ठरवावं. सिडनी, मेलबर्नला मराठी मंडळं आहेत, ओळखी होतात. वय 18 च्या आत असेल तर राहण्याची आणि देखभालीची मान्य व्यवस्था व्हिसाआधीच दाखवावी लागते.

व्हिसा नाकारला तर भरलेले पैसे बुडतात का?

व्हिसाची फी परत येत नाही. कोर्स सुरू होण्याआधी नकार आला तर कॉलेजने भरलेल्या कोर्स फीतून 5 टक्के किंवा 500 डॉलर, यातली कमी असेल तेवढीच रक्कम कापून बाकीची परत द्यायची असते. नकाराचं पत्र कॉलेजला लगेच ईमेलने पाठवा आणि परताव्याची मागणी त्याच ईमेलमध्ये करा. कॉलेजच बंद पडलं तर ट्यूशन प्रोटेक्शन सर्व्हिस ही सरकारी यंत्रणा दुसरा कोर्स शोधून देते किंवा न शिकवलेल्या भागाची फी परत करते. भारतातून केलेल्या अर्जाच्या नकारावर सहसा अपील नसतं, नव्याने अर्ज करता येतो. नकाराच्या पत्रात कारण लिहिलेलं असतं. ते कारण दूर झालं नसेल, तर त्याच कागदांवर दुसऱ्यांदा 2,000 डॉलर भरू नका.